गाळणीपलीकडचं

नकाशावर तळी म्हणजे सांडलेली मोहरी.
त्यातली एकशे बारा माझ्या वाट्याला,
सप्टेंबर संपायच्या आत.
बाटली त्याच तळ्याच्या पाण्यानं तीनदा विसळायची,
चौथ्यांदा भरायची, झाकण पाण्याखालीच लावायचं,
वर पेन्सिलीनं लिहायचं. शाई ओलीत टिकत नाही.

मग गाळणी. एका केसाच्या जाडीत
शंभरेक मावतील अशी छिद्रं.
वर राहतो तो गाळ.
खाली उतरतं आणि तरीही पिवळं असतं
त्याला आम्ही विरघळलेलं म्हणतो.
ते नेमकं काय, हे पुरतं कुणालाच माहीत नाही.
पानं, मुळं, शेवाळ,
हजारो वर्षं धड न कुजता पडून राहिलेली दलदल,
सगळ्यांचा मिळून काढा.

सत्तेचाळिसाव्या तळ्यावर उर्पो भेटला.
धक्क्यावर उलटी बादली, बादलीवर तो.
मी पांढरी तबकडी दोरीनं खाली सोडली.
हातभर गेली, पिवळी झाली.
दीड हातावर तांबूस.
मग नाहीच.

"इथं आईचा चमचा पडला होता," तो म्हणाला,
"अठ्ठावन्न साली. चांदीचा, लग्नातला.
दोन पुरुष पाणी. कुणी बुडी मारली नाही,
कारण दिसत होता ना!
रोज सकाळी वाकून बघायची,
आहे म्हणायची, आणि भांडी घासायला बसायची."

पुढं सरकारनं दलदलीला पैसे लावले:
चर खणा, पाणी काढा, पाइन वाढतील.
त्याच्या बापानं एका उन्हाळ्यात नऊशे मीटर खणले.
हाताला फोड आले, घरात रेडिओ आला.
पाइन वाढले. खरंच वाढले.
आणि एका सकाळी आई धक्क्यावर
जरा जास्त वेळ वाकून राहिली.

"म्हणजे आमच्या बापानंच."

हो म्हणून मोकळं होता आलं असतं.
पण मागच्या आठवड्यात मी जिथं होते
तिथं चर नाही, माणूस नाही,
आणि पाणी याहून काळं.
उत्तरेला, खडकाच्या वाटीत एक तळं,
इतकं निवळ की भरलेली बाटली रिकामी वाटते.
एका तळ्याला एक चर पुरतो, एक बाप पुरतो.
हजार तळी शेजारी शेजारी मांडली
की बाप मागं सरतो, आणि विचारावं लागतं
उतार किती, पाऊस किती, भोवती दलदल किती,
आणि आलेलं पाणी मुक्काम किती करतं.
थांबलेलं पाणी उन्हात विटतं, जुन्या पडद्यासारखं.
उर्पो, तुझंच पाणी खालच्या मोठ्या सरोवरात
सहा वर्षं पडून राहतं,
आणि तिथले लोक पाहुण्यांना सांगतात, आमचं पाणी बघा.

धुराचं सांगावं की नको?
दूरच्या धुराड्यांचा गंधक पावसातून यायचा,
तेव्हा माती मूठ आवळून बसली होती.
धुराडी सुधारली. मूठ सैल पडली.
इतकी वर्षं धरलेलं सगळं पाण्यात.

सांगितलं. तो हसला नाही.
"म्हणजे चमचा दिसत होता
त्यात थोडं विषही होतं."
थोडं, मी म्हटलं. किती, ते मला माहीत नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. एक पाणबुडी
बुडाली, भलतीकडेच वर आली.
मी बाटलीवर तळ्याचं नाव लिहीत होते,
तो खांद्यावरून वाचत होता.
मुस्तालाम्पी. काळं तळं.
"हे नाव," तो सावकाश म्हणाला,
"आईच्या आधीचं आहे. चरांच्या आधीचं.
आजोबांच्या आजोबांचं."

पेन्सिल माझ्या हातात तशीच.

मग तो बादलीवरून उठला,
गुडघे धरत धक्क्याच्या कडेला वाकला,
चहाच्या रंगाकडे बघत राहिला आणि म्हणाला,
आहे.

मी वहीत लिहिलं: दीड हात.
मग खोडून मीटरमध्ये लिहिलं.